बाहीवरचा नांगर

आम्हां मेहरूणकरांचा पाण्याशी संबंध म्हणजे तलावापुरता. तलावाकाठी फिरावे, हिवाळ्यात बोरे खावीत, यापलीकडे आमचे दर्यावर्दीपण जात नाही. तरीही आमच्या घराण्यात एक 'कप्तान' होऊन गेला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात आरमारात होते. त्यांना सारे 'कप्तान आजोबा' म्हणत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्याआजी, आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि वडिलांचा विषय निघाला की तिची मान आपोआप ताठ होते.

इतिहास विभागाने जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरविले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिच्या पेटीतले दोन फोटो आणले आणि खाली 'कॅप्टन, रॉयल इंडियन नेव्ही' असे लिहिले. सरांनी फोटो हातात घेतला आणि एवढेच विचारले, "पट्ट्या कुठे आहेत याच्या?" त्या एका प्रश्नापायी माझी दिवाळीची सुट्टी खर्ची पडली. त्यातून जे हाती लागले ते येथे सांगतो. घरोघरी पेट्यांत असे फोटो पडलेले असतात, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला फोटो आजोबांचा एकट्याचा. मागे पेन्सिलीने 'मुंबई, १९४५'. गडद गणवेश, पाठीवर चौकोनी कॉलर, डोक्यावर गोल टोपी. या पोशाखावरच अर्धा निकाल लागतो. ब्रिटिश पद्धतीच्या आरमारात अधिकारी पुढे झाप असलेली टोपी आणि बटणांचा कोट घालतो, चौकोनी कॉलर व गोल टोपी ही साध्या खलाशाची. (कॉलरीवरच्या तीन पांढऱ्या रेघा नेल्सनच्या तीन विजयांच्या, असे हटकून सांगितले जाते. ती निव्वळ दंतकथा आहे.) टोपीच्या फितीवर फक्त एच.एम.आय.एस. एवढी अक्षरे. जहाजाचे नाव नाही, कारण युद्धकाळात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ते गाळीत. ही अक्षरे आणखी एका कामाची. ती सरळ वाचता आली तर फोटो उलटा छापलेला नाही. हे आधी पाहावे, नाहीतर डावा हात उजवा होतो आणि पुढचे सारे गणित फसते.

माझे गणित पहिल्यांदा फसले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ग्रंथालयात आरमारी गणवेशांचे एक चित्रमय पुस्तक मिळाले, ते निघाले जर्मन आरमाराचे. फोटोत डाव्या बाहीवर व्हीच्या आकाराची एक फीत दिसत होती. पुस्तकाप्रमाणे ती म्हणजे 'गेफ्राइटर', साध्या खलाशाच्या एकच पायरी वरचा. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक काका राहतात, ते म्हणाले, "एक फीत म्हणजे लान्स नाईक. यात पुस्तक कशाला पाहायला हवे?" दोघेही आपापल्या जागी बरोबर, पण आमच्या फोटोला दोन्ही लागू नाही! ब्रिटिश आरमारात, आणि त्याच्याच नमुन्यावर चालणाऱ्या आपल्या आरमारात, ही फीत हुद्द्याची नसून सद्वर्तनाची असे. पहिली तीन वर्षांनंतर, दुसरी आठ वर्षांनंतर, तिसरी तेरा वर्षांनंतर. म्हणजे १९४५ साली एक फीत असलेला हा माणूस १९४२ च्या आसपास किंवा त्याआधी भरती झालेला असला पाहिजे.

जर्मन पुस्तक अगदीच वाया गेले असे नाही. फरक कसा पाहावा हे त्यानेच शिकविले. जर्मन खलाशाच्या टोपीच्या फितीची दोन्ही टोके मागे मानेवर लोंबतात, ब्रिटिश पद्धतीत फितीची गाठ कानाजवळ बसते. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बाहीवर सर्वांत वरच्या सोनेरी पट्टीला वेटोळे असते. जर्मनांत वेटोळे नाही, पट्ट्यांच्या वर खूण असते. कैसरच्या काळात तेथे मुकुट होता, १९१८ नंतर त्याच्या जागी तारा आला. राज्य गेले की आधी मुकुट जातो. आपल्याकडेही २६ जानेवारी १९५० ला 'रॉयल' गेले आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. म्हणून मुकुट दिसला की फोटो त्याआधीचा समजावा.

मग हुद्दा कुठे पाहावयाचा? डाव्याच बाहीवर, फितीच्या वर. दोरखंड गुंडाळलेला एक नांगर असेल तर 'लीडिंग' हुद्दा; दोन नांगर एकमेकांवर आडवे आणि वर मुकुट असेल तर पेटी ऑफिसर. उजव्या बाहीवर धंद्याची खूण. आमच्या फोटोत फितीच्या वर काळोखच दिसत होता. नंतर कळले की त्या काळच्या अनेक स्टुडिओंतील फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. खुणा लाल, कापड गडद निळे. मग दिसणार काय? भूगोल विभागाचे भिंग आणून फोटो खिडकीशी तिरपा धरला, तेव्हा भरतकामाचा उठाव दिसला. डावीकडे एक नांगर, उजवीकडे एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन झेंड्या. लीडिंग सिग्नलमन. झेंड्यांनी आणि दिव्यांनी निरोप पाठविणारा माणूस.

दुसरा फोटो गटाचा. मध्ये खुर्चीवर पांढऱ्या पोशाखातला अधिकारी, आजोबा मागे उभे. त्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर दोन पट्ट्या, पण सरळ नाहीत, लाटेसारख्या नागमोडी. दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट. सरळ पट्ट्या कायम नोकरीतल्यांच्या, साखळीसारख्या गुंफलेल्या पट्ट्या राखीव दलाच्या, म्हणजे बहुधा व्यापारी जहाजांवरून आलेल्यांच्या, आणि नागमोडी पट्ट्या स्वयंसेवक राखीव दलाच्या. आरमारातला खरा कॅप्टन चार पट्ट्यांचा. तो भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. भूदलातला तीन ताऱ्यांचा कॅप्टन आरमारात लेफ्टनंट ठरतो. त्यातून जहाज ज्याच्या ताब्यात तो कोणत्याही हुद्द्याचा असला तरी त्याला कॅप्टनच म्हणावयाचे. इतका गोंधळ असताना मेहरूणात एक कप्तान निपजला, यात नवल ते काय!

येथवर आलो आणि मला भीती वाटू लागली. आत्याआजीला सांगावयाचे कसे? शेवटी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग कप्तान नव्हते का रे आमचे बाबा?"

मी तिला १९४६ ची हकीकत सांगितली. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या आरमाराच्या संदेशवहन शाळेत खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांनी ते पेटले होते. पाहता पाहता मुंबई-कराचीपासून सर्वत्र जहाजे सामील झाली, २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला, आणि वल्लभभाईंच्या सल्ल्यानंतर २३ ला संप मागे घेतला गेला. शेकडो खलाशी नोकरीतून गेले. त्या संपाच्या मध्यवर्ती समितीत एकही अधिकारी नव्हता. उपाध्यक्ष मदनसिंग हे पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट, आणि अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन. डाव्या बाहीवर एक नांगर, उजव्या बाहीवर दोन झेंड्या.

आजोबा १९४६ च्या उन्हाळ्यात मेहरूणला परतले आणि पुन्हा कधी समुद्राकडे गेले नाहीत, एवढेच घरात माहीत आहे. त्यांनी काही सांगितले नाही, आणि बाहीवरच्या खुणांत ते लिहिलेले नसते. तेव्हा खानांचे मोठेपण मी आजोबांच्या नावावर चढविले नाही. आत्याआजीलाही तसे बजावले.

प्रदर्शनातली चिठ्ठी मी बदलली: 'लीडिंग सिग्नलमन, रॉयल इंडियन नेव्ही, मुंबई, १९४५'. आत्याआजी रिक्षा करून पाहावयास आली. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. मग माझ्या हातातले भिंग घेतले, फोटोवर वाकली आणि म्हणाली, "दाखव बरं, कुठे आहे तो नांगर."