एक काम, अनेक रीती

प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही शैलीवरून वाद होतात, हे साहित्याच्या वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात. पण १९८७ मध्ये ‘पर्ल’ ही भाषा रचणारे लॅरी वॉल भाषाविज्ञान शिकलेले होते. एक काम अनेक रीतींनी करता यावे, असा त्यांचा आग्रह. ‘पाऊस आला तर जाणार नाही’ किंवा ‘जाणार नाही, पाऊस आला तर’ अशी वाक्यरचना आपण फिरवतो, तशी पर्लमध्येही अट आधी किंवा नंतर लिहिता येते. गिडो व्हान रॉसम यांच्या ‘पायथन’ची (१९९१) परंपरा उलट आहे: कामाची उघड रीत शक्यतो एकच असावी. कारण आज्ञावली लिहितो एक जण. पुढे ती वाचणारे आणि दुरुस्त करणारे अनेक असतात.

मराठीत साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी (१९६२, भर १९७२) हाच प्रश्न हाताळला. ‘कोणता’, ‘एखादा’ ही रूपे ठेवली. ‘कोणचा’, ‘एकादा’ वगळली. (मला ‘कोणचा’ अजूनही गोड वाटतो.) ‘असे केले’ आणि ‘असं केलं’ मात्र दोन्ही राहिली: निवेदनात पहिले, पात्राच्या तोंडी दुसरे. दोन रूपांना दोन कामे मिळाली. असा पर्याय कथाकाराला हवाच असतो.

खरी अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या पर्यायांची आहे. ‘ॲरिस्टॉटल’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देण्याची रीतही चालू आहे. पडद्यावर दोन्ही अनेकदा सारखेच दिसतात. साठवणीत मात्र पहिले एक चिन्ह, दुसरे दोन. पायथनला तुलना करायला सांगितली तर तो हे दोन वेगळे शब्द ठरवतो. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तेच: कोणी ‘ऱ’ वापरतो, कोणी साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावतो. प्रबंधाचे प्रत्येक प्रकरण वेगळ्या टंकलेखकाकडून आले असेल, तर ‘ॲरिस्टॉटल’ शोधताना निम्मे उल्लेख हाती लागतात आणि सूची अपुरी राहते. परीक्षकाला ते कळत नाही, विद्यार्थ्यालाही नाही. येथे मी निःशंकपणे पायथनच्या बाजूचा आहे. युनिकोडचे मानकही एकसंध ‘ॲ’च वापरायला सांगते. सूची करण्यापूर्वी सगळी प्रकरणे एकत्र करून दोन चिन्हांचे रूप शोधावे आणि त्या जागी हे अक्षर घालावे. शब्दसंस्कारकातल्या ‘शोधा आणि बदला’ने हे काही मिनिटांत होते.