रस्त्यावरच्या रंगीत गायी आणि दुकानदारांचा पैसा

व्यापाऱ्याने कलेला पैसा पुरवावा, ही गोष्ट काही नवी नव्हे. घाटांच्या पायऱ्यांवर, धर्मशाळांच्या भिंतींवर आणि देवळांच्या उंबरठ्यांवर दात्यांची नावे आपण वाचीत आलो आहोत. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जुन्या नात्याला एक गमतीचे आणि काहीसे गुंतागुंतीचे रूप आले आहे. एखादे शहर एकाच साच्यातून एखाद्या प्राण्याचे शेकडो पुतळे काढते. गावातील दुकानदार, पेढ्या, उपाहारगृहे त्यांतील एकेक पुतळा आपल्या खर्चाने उभा करण्याचे पत्करतात. चित्रकार ते पुतळे रंगवितात, उन्हाळाभर ते रस्तोरस्ती उभे राहतात, आणि शेवटी त्यांचा लिलाव होऊन येणारा पैसा बहुधा धर्मादाय कार्यास जातो. वरवर पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. कारण पैसा दुकानदाराचा, हात चित्रकाराचा आणि रस्ता सर्वांचा असतो. मग तो पुतळा जे काही बोलतो ते नेमके कोणाचे बोलणे, हा प्रश्न या खेळाच्या पोटात दडलेला आहे, आणि तो न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे.

या प्रथेचे माहेर स्वित्झर्लंडमधील झुरिच शहर. सिंह हे त्या शहराचे चिन्ह. १९८६ साली तेथे सिंहांचे पुतळे रंगवून ठिकठिकाणी मांडण्यात आले होते. पुढे १९९८ साली शहराच्या मध्यवस्तीतील व्यापारी मंडळाने तीच कल्पना पुन्हा हाती घेतली, आणि या वेळी निवड केली ती गायीची. कलायोजना वॉल्टर नॅप यांची होती आणि गायीचे मूळ शिल्प त्यांचे चिरंजीव पास्कल नॅप यांनी घडविले होते. हेतू अगदी रोकडा होता. मध्यवस्तीत लोकांची पावले वळावीत, ती रेंगाळावीत आणि रेंगाळता रेंगाळता चार पैसे खर्च व्हावेत! व्यापाऱ्यांनी हा हेतू लपविला नाही, ही आम्हांला त्यातली चांगली बाजू वाटते.

त्या उन्हाळ्यात शिकागो येथील पादत्राणांचे एक व्यापारी, पीटर हॅनिग, झुरिचला गेले होते. रस्त्यात गायीभोवती जमलेली माणसे, अनोळखी लोकांचे एकमेकांशी चाललेले बोलणे, हे सारे पाहून ते भारावले आणि परत येऊन त्यांनी शहराच्या सांस्कृतिक खात्याच्या आयुक्त लोइस वाइसबर्ग यांच्यापुढे ही कल्पना मांडली. गाय आणि शिकागो यांचा संबंध जुना. १८७१ साली त्या शहराचा मोठा भाग आगीत जळाला, तेव्हा ओलिअरी नावाच्या बाईच्या गायीने कंदील लाथाडला म्हणून आग लागली, अशी कथा पसरली. ती कथा खोटी होती. तरी त्या बाईला आणि तिच्या गायीला नगरसभेने रीतसर दोषमुक्त करायला १९९७ साल उजाडले! शिवाय १८६५ पासून १९७१ पर्यंत शिकागोचा गुरांचा प्रचंड बाजार जगप्रसिद्ध होता. अशा शहरात १९९९ च्या उन्हाळ्यात तीनशेंहून अधिक गायी अवतरल्या. कोरे पांढरे पुतळे स्वित्झर्लंडहून आले. काही उभे, काही चरणारे आणि काही बसलेले. एवढ्या तीनच ठेवणी होत्या. बाकी सारे चित्रकारावर सोपविलेले होते.

येथे थोडे कारागिरीविषयी सांगितले पाहिजे. हे पुतळे दगडाचे किंवा धातूचे नसतात. मूळ शिल्पावरून साचा काढतात, त्या साच्याच्या आतून काचतंतूंची चटई राळेत भिजवून थरावर थर बसवितात, आणि ते कडक झाले की अर्धुके जोडून पोकळ पुतळा तयार करतात. यालाच फायबरग्लास म्हणतात. पुतळा हलका होतो, पण हलका पुतळा चोरीला जाण्याची आणि वाऱ्याने कलंडण्याची भीती. म्हणून तो काँक्रीटच्या जड बैठकीवर पक्का करतात. रंग वाळल्यावर वरून पारदर्शक लेप देतात, कारण चार महिने ऊन, पाऊस आणि मुख्य म्हणजे मुले, यांना तोंड द्यायचे असते. पुतळ्यावर मुलांनी चढू नये अशी पाटी लावून काही उपयोग होत नाही, हे कोणत्याही शहरातला माणूस सांगेल.

एकच साचा शेकडो वेळा वापरण्यात कला कोणती, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांला वाटते, गंमत त्या सारखेपणातच आहे. शरीर ठरलेले असल्यामुळे पाहणारा एका गायीची दुसरीशी तुलना करू लागतो. ही अशी का, ती तशी का, हे विचारण्यासाठी त्याला कलेचे शिक्षण लागत नाही. संग्रहालयाची पायरी कधी न चढलेला मनुष्यही येथे टीकाकार होतो. मात्र पुष्कळशा गायी केवळ शब्दांच्या कोट्यांवर जगल्या, हेही खरे. इंग्रजीत गाय 'मू' करून हंबरते आणि त्या एका अक्षरातून किती कोट्या निघाव्यात याला त्या उन्हाळ्यात सुमार राहिला नाही.

हंगाम संपल्यावर शिकागोत १४० गायींचा लिलाव झाला. एकेका गायीला सरासरी पंचवीस हजार डॉलर आले आणि एकूण सुमारे ३५ लक्ष डॉलर सत्कार्यास मिळाले. आश्रयदात्याने गायीमागे घातलेला खर्च काही हजारांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे इतर शहरांचे डोळे का विस्फारले ते कळते. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, न्यूयॉर्कने गायी उभ्या केल्या. टोरोंटोने ३२६ मूस मांडले. मूस म्हणजे कॅनडातील रुंद शिंगांचे अवाढव्य हरीण, आणि ती शिंगे चोरट्यांना फार आवडली. सिनसिनाटीने डुकरे काढली, कारण एकोणिसाव्या शतकात ते शहर डुकराच्या मांसाच्या व्यापारावर वाढले. घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेल्या लेक्सिंग्टनने घोडे काढले. बर्लिनने २००१ साली आपले अस्वल पुढे केले. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॅट्सकिल नावाचे लहानसे गाव आहे. त्याने नावातल्या मांजराचा धागा धरून मांजरे उभी केली. नावातला 'किल' हा डच शब्द ओढ्याचा वाचक आहे, मारण्याचा नव्हे, तेव्हा मांजरांनी भिण्याचे कारण नाही! आम्हांला अशा लहान गावांचे उदाहरण मोठ्या शहरांहून अधिक बोलके वाटते. तेथे आश्रयदाता म्हणजे कोणी दूरची कंपनी नसून रोज ज्याच्याकडून आपण खिळे किंवा पाव घेतो तो माणूस असतो, आणि त्याच्या दुकानासमोरचे मांजर चांगले निघाले की नाही याची चर्चा त्याच्या तोंडावर होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या सर्व व्यवहाराला एक अलिखित, आणि पुष्कळ ठिकाणी लिखित, मर्यादा आहे: आश्रयदात्याचे नाव बैठकीवरच्या लहानशा पाटीवर येईल, प्राण्याच्या अंगावर येणार नाही. ही मर्यादा म्हणजे साऱ्या योजनेचा कणा होय. गायीच्या पाठीवर साबणाची जाहिरात आली, की ती चार पायांची फळी झाली. मग तिच्याभोवती कोण जमणार? गर्दी जमली नाही तर दुकानदाराचेही नुकसानच. म्हणजे येथे दुकानदाराचा फायदा त्याने मागे सरण्यात आहे. आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सवात व्यापाऱ्यांच्या जाहिराती मांडवाच्या कमानीवर झळकतात, मूर्तीच्या अंगावर त्या लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तोच विवेक परक्या मातीत नियमाच्या रूपाने आला आहे.

पण जाहिरात वगळली म्हणजे सारे सुटले असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २००० साली चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी एक गाय सादर केली. तिचे डोके तोडलेले होते, पाठीचा भाग फाडलेला होता आणि पुठ्ठ्यात काटे-सुऱ्या खुपसलेल्या होत्या. नावाचा अर्थ होता, 'माझे भय खा'. ती नाकारण्यात आली. त्याच वर्षी प्राण्यांना मानवाने नीतीने वागवावे म्हणून झटणाऱ्या 'पेटा' या संस्थेनेही एक गाय सुचविली. तिच्या अंगावर खाटकाच्या तक्त्याप्रमाणे भाग पाडून मांसाहाराविरुद्ध मजकूर लिहिलेला असायचा होता. तीही नाकारली गेली. संस्था न्यायालयात गेली आणि हरली. गायीचा उत्सव करावा आणि गायीचे खरोखर काय होते हे मात्र गायीनेच सांगू नये, यातला विरोधाभास कोणाच्याही ध्यानात यावा.

दुसरा खटला अधिक बोधप्रद आहे. २००२ साली वॉशिंग्टनच्या कला आयोगाने शंभर गाढवे आणि शंभर हत्ती मांडण्याचे ठरविले. गाढव आणि हत्ती ही अमेरिकेतील दोन मोठ्या राजकीय पक्षांची चिन्हे आहेत. पाच हजार डॉलर देणाऱ्या आश्रयदात्याला आपले रेखाटन सुचविण्याची मुभा होती. 'पेटा'ने पैसे भरले आणि सर्कशीतील हत्तीचे रेखाटन पाठविले: पायात साखळी, डोळ्यात अश्रू, आणि सर्कशीत हत्तीच्या वाट्याला काय येते हे सांगणारा मजकूर. आयोगाने ते नाकारले. खालच्या न्यायालयाने संस्थेच्या बाजूने हुकूम दिला आणि तो हत्ती उभा राहिला. मात्र २००५ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ग्रंथालयाने कोणती पुस्तके घ्यायची हे ग्रंथालय ठरवते. फळीवर जागा मिळावी असा हक्क लेखकाला नसतो. त्याचप्रमाणे कोणता हत्ती मांडायचा हे आयोग ठरवतो, आणि त्या निवडीतून आयोग स्वतःच बोलत असतो. म्हणजे पैसे देणाऱ्याला पाटी मिळते, वाणी मिळत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर सरळ आहे, आणि आम्हांला ते बव्हंशी मान्य आहे. उलट झाले असते तर ज्याच्याकडे पाच हजार डॉलर आहेत त्याला चौक विकत मिळाला असता. परंतु त्याची किंमतही ओळखून असावे. निवडणारे मंडळ, आश्रयदाता व्यापारी आणि लिलावात बोली लावणारा धनिक या तिघांनाही आवडेल तेच रस्त्यावर उरते, आणि तिघांना एकदम आवडणारी वस्तू बहुधा गोड असते. स्टॉकहोममध्ये २००४ साली काही तरुण चित्रकारांनी एक गाय चक्क पळविली आणि या गायी कला नव्हेत असे जाहीर करा, अशी मागणी केली. चोरीचे समर्थन आम्ही करणार नाही. तक्रार मात्र अगदीच निराधार नव्हती. एव्हाना गायींचा उत्सव परवान्यावर चालणारा उद्योग झाला होता. एका अमेरिकन कंपनीकडे नावाचे हक्क होते आणि शहरामागून शहर तोच प्रयोग मागवीत होते.

या प्रकाराला निराळे वळण दिले ते हत्तींनी. थायलंड आणि म्यानमार यांच्या सीमेवर मोशा नावाच्या हत्तिणीच्या पिलाचा पाय सुरुंगाने उडाला. लांपांग येथील हत्तींच्या रुग्णालयात तिला पाहून मार्क आणि माइक स्पिट्स या डच पितापुत्रांनी रंगीत हत्तींचे प्रदर्शन योजिले. पहिले प्रदर्शन २००७ साली रॉटरडॅमला भरले, आणि २०१० साली लंडनमध्ये अडीचशेंहून अधिक हत्ती उभे राहिले. येथे प्राणी हा केवळ निमित्त राहिला नाही. ज्याचा पुतळा, त्याच्याच कामी पैसा.

हेच हत्ती पुढे भारतात आले, आणि २०१८ च्या आरंभी मुंबईत त्यांचे प्रदर्शन भरले. रंगविलेला प्राणी आपल्याला अपूर्वाईचा नाही. पोळ्याला शिंगे रंगविलेले, झूल पांघरलेले बैल गावोगाव मिरवतात, आणि विदर्भातील तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. फरक एवढाच की पोळ्याचा बैल मालकाचा असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच नांगराला जुंपला जातो. मुंबईतील हत्तींची संख्या १०१ होती. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याच्या हत्तींच्या वाटा देशात तेवढ्याच आहेत, अशी नोंद २०१७ साली वन्यजीवांचे काम करणाऱ्या एका न्यासाने केली होती, आणि लिलावाचा पैसा त्या वाटा मोकळ्या राखण्यासाठी होता. त्या वाटांवर आज रेल्वेचे रूळ आहेत, महामार्ग आहेत, चहाचे मळे आहेत, खाणी आहेत. हे सारे कोणाचे तरी उद्योगधंदेच होत. ज्या उद्योगाचा रस्ता हत्तीची वाट तोडतो, त्याने रंगीत हत्ती पुरस्कारला तर त्याची पाटी त्या हत्तीच्या पायाशी लावावी की नाही? लंडन, मुंबई किंवा कॅट्सकिल, कोठेही असा उत्सव योजणाऱ्या मंडळाने साचा मागविण्यापूर्वी हे ठरवून, लिहून ठेवलेले बरे. रंग वाळल्यावर ते ठरवणे अवघड जाते.