अंगातली ताकद आणि मैदानातला खेळ

आपल्या इंदापूर तालुक्यात कुस्ती आणि कबड्डी ठाऊक नाही असे घर सापडायचे नाही. पण "दांडगा गडी तोच जिंकणार" असे जो तो म्हणतो. ते कितपत खरे, ते मी सांगतो.

आपले स्नायू हाडांना जोडलेले असतात. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, हात सरळ करताना मागचा. धावताना पायांचे स्नायू जमीन मागे रेटतात, म्हणून आपण पुढे जातो. रेटा जितका जोराचा आणि झटक्यात, तितका वेग जास्त. खो मिळाल्यावर पहिली दोन पावले कोण चटकन टाकतो ते बघा. तिथे पायातली ताकद दिसते.

पण ताकद म्हणजे नुसते वजन नव्हे. आपले अंग आपल्यालाच पेलावे लागते. सडसडीत पोरगा मल्लखांबावर सरसर चढतो, कारण वजनाच्या मानाने त्याची ताकद जास्त असते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता ५७ किलोचा. म्हणजे साखरेच्या ५० किलोच्या पोत्यापेक्षा जरासाच जास्त! पण ताकदीला चपळाईची आणि डावांची जोड होती.

जोर-बैठका सुरू केल्या की लगेच दंड फुगत नाहीत. आधी मेंदू स्नायूंच्या जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो. आपल्या वयात ताकद मुख्यतः अशीच वाढते. तेव्हा दंड फुगले नाहीत म्हणून व्यायाम सोडू नका. व्यायामाने थकलेला स्नायू विश्रांतीत भरून निघतो. त्यासाठी पुरेशी झोप हवी, आणि डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी यांपैकी घरात असेल ते पोटभर खावे.

वर्गमित्रांनो, कबड्डीचा संघ निवडताना नुसती धिप्पाड पोरे आधी उचलू नका. दम कुणाचा टिकतो, पाय कुणाचा चपळ आहे, तेही बघा. आणि पालकांना विनंती, पोरगा बारका आहे किंवा पोरगी नाजूक आहे म्हणून मैदानावर जायला अडवू नका. मुलींचे स्नायूही व्यायामाने असेच बळकट होतात. रोज थोडा व्यायाम करू द्या, मग बघा!