हार्ड डिस्क : वापर आणि निगा



जुन्या हस्तलिखित पोथ्या आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिल्या असतील. पोथी लिहून पुरी झाली म्हणजे लहिया पुष्कळदां तिच्या अखेरीस एक विनंती लिहून ठेवी : तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून हिचें रक्षण करावें, आणि मूर्खाच्या हातीं हिला देऊं नये. आज आपल्या घरांतील छायाचित्रें, कागदपत्रें व ध्वनिमुद्रणें ज्या लहानशा पेटींत सांठविलीं जातात, तिच्यावर अशी विनंती कोणी लिहीत नाहीं. ती मी आज करणार आहें. ही पेटी म्हणजे संगणकास तारेनें जोडावयाची, खिशांत मावणारी हार्ड डिस्क होय. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. जन्म मुलें शिकविण्यांत गेला. परंतु एक नुकसान सोसून जें शिकलों, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

प्रथम या पेटीच्या आंत काय असतें तें पाहूं. पहिली हार्ड डिस्क आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें १९५६ सालीं बाहेर आणली. तिच्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवजड यंत्रांत सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें त्याच्या सुमारें दोन लक्षपट मजकूर राहतो. परंतु मूळ तत्त्व तेंच आहे. चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या आंत फिरत असतात. खिशांतल्या डिस्कमध्यें बहुधा मिनिटास ५४०० फेरे होतात. त्यांच्यावरून वाचणारें व लिहिणारें एक सूक्ष्म टोंक सरकत असतें. तें तबकडीस टेकत नाहीं. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि पुष्कळ कमी असतें. डिस्क चालू असतांना धक्का बसला, तर तें टोंक तबकडीवर आदळून थर ओरखडला जाण्याचा संभव असतो. बंद असतांना टोंक बाजूस विसावलेलें असतें; म्हणून तेव्हां धोका कमी, पण तो अगदींच नाहींसा होत नाहीं.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे निगेचे नियम पाठ करावे लागत नाहींत. चालू डिस्क सपाट व स्थिर जागीं, टेबलाच्या कडेपासून दूर ठेवावी. तिची तार जाण्यायेण्याच्या वाटेंत लोंबूं देऊं नये. काम संपल्यावर तार एकदम उपटूं नये. संगणक कित्येकदां लिहावयाचा मजकूर क्षणभर स्वतःपाशीं राखून ठेवतो. मध्येंच तार काढली तर मजकूर अर्धवट राहतो, आणि कोठें काय ठेवलें आहे याची यादीच बिघडूं शकते. ग्रंथालयांतील नोंदवही फाटली तर कपाटांतील पुस्तक असूनहि सांपडत नाहीं, तशांतला हा प्रकार. म्हणून संगणकास डिस्क सुरक्षितपणें काढण्याची आज्ञा द्यावी, तबकडी थांबूं द्यावी, आणि मगच तार काढावी.

पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, दमटपणापासून डिस्क जपावी. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ती ठेवावी. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ती राहूं देऊं नये. दुसऱ्या संगणकास जोडतांच तो 'फॉरमॅट करूं काय?' असें विचारूं लागला, तर घाईनें होकार देऊं नये. तसें केल्यास आंतील मजकूर हातचा जातो. आणि आंतून टक् टक् असा आवाज येऊं लागला, तर पुन्हां पुन्हां चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. पेटी घरीं उघडूं नये. जाणत्या माणसाकडे न्यावी.

आतां माझें नुकसान सांगतों. माझी आई जात्यावर ओव्या म्हणत असे. तरुणपणीं मीं त्यांपैकीं चाळीस ओव्या कॅसेटवर मुद्रित करून घेतल्या होत्या. पुढें पुतण्यानें त्या संगणकावर उतरविल्या, डिस्कमध्यें ठेविल्या, आणि बुरशी आलेल्या कॅसेटी आम्हीं टाकून दिल्या. संगणकांत जागा हवी म्हणून तेथल्याहि पुसल्या. एके दिवशीं चालू डिस्कच्या तारेंत माझाच पाय अडकला व ती फरशीवर पडली. टक् टक् आवाज झाला; मीं ती पांच सहा वेळां पुन्हां लावून पाहिली. पुढें जाणत्यांचेंहि कांहीं चाललें नाहीं. अकरा ओव्या मात्र वांचल्या, कारण पुतण्यानें त्या पूर्वीं माझ्या बहिणीस फोनवर पाठविल्या होत्या. उरलेल्या एकोणतीस ओव्यांचे शब्द बहिणीस आठवतात. आईचा आवाज गेला.

माझी चूक पाय अडकण्याच्या पुष्कळ आधींची होती. डिस्कमध्यें ठेवलें म्हणजे जपलें, असें मीं मानिलें. वस्तुतः मीं प्रत वाढविली नव्हती, केवळ जागा बदलली होती. उत्तम डिस्कहि कांहीं वर्षांनीं झिजते. फिरती तबकडी नसलेली एस. एस. डी. धक्का अधिक सोसते, परंतु तीहि निकामी होऊं शकते. म्हणून मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्या : एक संगणकांत, दुसरी डिस्कमध्यें, आणि तिसरी निराळ्या डिस्कमध्यें दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे. सहा महिन्यांनीं डिस्क जोडून चार दोन गोष्टी उघडून पाहाव्या.

ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोंचला, कारण लोकांनीं त्याच्या नकला केल्या. आणि नकलांत पाठभेद शिरले तेव्हां शके १५०६ मध्यें एकनाथांनीं त्यांचें शोधन केलें. त्या अकरा ओव्या आतां आमच्या चार घरांत आहेत. आपल्या घरींहि कोणाचा आवाज, कोणाचें छायाचित्र एकाच पेटींत असेल, तर त्याची दुसरी प्रत आज रात्रीं निजण्यापूर्वीं करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.