एक मिलिअँपिअर आणि रोजचा सराव

बाळंतपण बऱ्याचदा अगदी नीट झालेलं असतं. चार-सहा महिन्यांनी आईच्या लक्षात येतं, की खुळखुळा घ्यायला बाळ नेहमी डावाच हात पुढे करतं. उजव्या हाताची मूठ आवळलेली आणि अंगठा तळव्यात मुडपलेला असतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, डावखुरं आहे, होईल नीट. खरं तर वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सेरेब्रल पाल्सीच्या या प्रकारात शरीराची एकच बाजू आखडते.

अशा मुलाच्या हाताला लागतो सराव, तोही रोज आणि तासन्‌तास. इथे सिन्नरसारख्या गावाची अडचण सुरू होते. नाशिक तीसेक किलोमीटरवर आहे, नकाशावर अगदी जवळ. पण मूल कडेवर घेऊन एसटी पकडायची, मोहदरी घाट उतरायचा, पुढे रिक्षा करायची, अर्ध्या-पाऊण तासाच्या थेरपीसाठी थांबायचं आणि परत यायचं, यात अख्खा दिवस जातो. विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी हजारी मिळते. ज्या दिवशी ती नाशिकला जाते, त्या दिवसाच्या विड्या होत नाहीत. एमआयडीसीत रोजंदारीवर असलेल्या बापाचा तर खाडाच. आठवड्याला तीन फेऱ्या ठरतात, मग एक होते, पुढे महिन्यातून एकदा. त्यासाठी आईवडिलांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणूनच परदेशात सध्या चाललेल्या एका संशोधनाकडे इथून बघायला हवं. त्यात मेंदूला हलकं विद्युत उद्दीपन घरीच दिलं जातं आणि तज्ज्ञ दूर बसून व्हिडिओवरून देखरेख करतात. तंत्राचं नाव टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला पट्ट्याने बसवतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रातून साधारण वीस मिनिटं एक ते दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतात. मुलांसाठी तो बहुधा एक किंवा त्याहूनही कमी ठेवतात, कारण मुलांची कवटी पातळ असते आणि तोच प्रवाह त्यांच्या मेंदूपर्यंत जास्त पोचतो. एवढ्याशा प्रवाहाने बोट हलत नाही की शॉक बसत नाही. सुरुवातीला थोडी खाज येते, मुंग्या येतात. मग होतं काय? जर्मनीत ग्यॉटिंगेनला मिखाएल निट्शे आणि वाल्टर पाउलस यांनी २००० साली दाखवलं, की अशा मंद प्रवाहाने मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाची उत्तेजनक्षमता काही मिनिटं वाढवता किंवा कमी करता येते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर ही जमीन वाफशावर आणण्याची खटपट आहे. पेरणी म्हणजे हाताचा सराव, आणि ती वेगळी करावीच लागते.

एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीत कल्पना अशी आहे, की मेंदूची निरोगी बाजू शिरजोर होते आणि दुखावलेल्या बाजूला दाबून टाकते. म्हणून निरोगी बाजूवर ऋण टोक ठेवून तिचा जोर थोडा कमी करायचा आणि त्याच वेळी आखडलेल्या हाताकडून काम करून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मोठी मेख आहे. काही मुलांमध्ये दोन्ही हातांच्या तारा त्या एकाच निरोगी बाजूतून गेलेल्या असतात. तिथे ती बाजू मंदावली तर उरलासुरला हातही दुबळा होण्याची भीती. कोणत्या मुलाची जोडणी कशी आहे, हे चुंबकीय स्पंदनाच्या तपासणीतून कळतं, आणि ती तपासणी मोठ्या केंद्रातच होते. उपचार घरी द्यायचे ठरले, तरी पहिली फेरी चुकत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. कॅनडात कॅल्गरीच्या अ‍ॅडम कर्टन यांच्या गटाने २०१७ मध्ये २४ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना खरा प्रवाह, निम्म्यांना नुसताच आभास, आणि दोन्ही गटांना दोन आठवडे भरपूर हातकाम. हाताच्या कौशल्याच्या मोजमापात दोन्ही गट सुधारले आणि प्रवाहाने फारसा फरक पडला नाही. मुलांनी आणि पालकांनी स्वतः ठरवलेली उद्दिष्टं कितपत साधली, या प्रश्नावर मात्र खऱ्या प्रवाहाचा गट पुढे होता. अमेरिकेतल्या बर्नाडेट गिलिक यांच्या गटाने २०१८ मध्ये २० जणांची चाचणी मांडली. तिथेही सगळे सुधारले, पण दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे आजच्या घडीला खात्रीने फळ देतो तो सराव. प्रवाहाचा वाटा अजून सिद्ध व्हायचा आहे.

घरच्या देखरेखीची पद्धत न्यू यॉर्कमध्ये ली शार्व्हे आणि सहकाऱ्यांनी आधी मोठ्यांसाठी, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी बसवली. यंत्र घरी असलं तरी ते मनाला येईल तेव्हा चालत नाही. पट्टा नीट बसला आहे, संपर्क चांगला आहे, हे पडद्यावर पाहिल्यावरच तज्ज्ञ त्या सत्रापुरता एक आकडी संकेत देतात आणि तेवढ्यापुरताच प्रवाह सुरू होतो. गिलिक यांच्या गटाने मुलांच्या अशाच चाचणीचा आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे पहिला प्रश्न हात किती सुधारला हा नाही. आईबापांना हे घरी सुरक्षितपणे जमतं का, हा आहे.

जमणं किती बारीकसारीक गोष्टींवर अवलंबून असतं बघा. डोक्याला तेल लावलेलं असेल तर वीज नीट जात नाही. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलाचं डोकं तेलाशिवाय राहतच नाही, तेव्हा आदल्या दिवशी केस धुऊन घ्यावे लागतील. स्पंज सुकला तर एकाच ठिकाणी प्रवाह साठून कातडी भाजू शकते आणि जास्त ओला झाला तर पाणी ओघळून प्रवाह भलतीकडे पसरतो. पट्टा बोटभर सरकला तरी जागा चुकते, आणि सात वर्षांचं पोर वीस मिनिटं मान हलवणार नाही असं कोण म्हणेल? शिवाय सेरेब्रल पाल्सीच्या चारांतल्या साधारण एका मुलाला फिट येतात. २०१५ मध्ये चार वर्षांच्या एका मुलाला हा उपचार घेतल्यावर झटका आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. त्याला आधीही फिट येत असत. रीतसर प्रयोगांमधल्या हजारो सत्रांत गंभीर इजा झालेली नाही, हेही तितकंच खरं. पण ती सुरक्षितता त्या शिस्तीची आहे. इंटरनेटवरून मागवलेल्या यंत्राला ती लागू होत नाही. घरच्या घरी असे प्रयोग करणाऱ्यांसाठी ३९ संशोधकांनी २०१६ मध्ये खुलं पत्र लिहून सावध केलं होतं.

इथे मला तळमळीने सांगावंसं वाटतं. अशा मुलांच्या आईबापांना आशा विकणाऱ्यांची कमतरता नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये उकळले गेले. वास्तविक देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकार वगळता तो उपचार फक्त चाचणीतच देता येतो. उद्या कोणी ‘मेंदूला करंट देऊन हात सरळ करतो’ अशी पाटी लावली, तर दागिने मोडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ही नोंदणीकृत चाचणी आहे का, मुलाच्या मेंदूची जोडणी कशी तपासणार आणि सोबत रोजचं हातकाम कोण करून घेणार? चाचणी असेल तर तिचे पैसे पालकांकडून घेतले जात नाहीत.

या संशोधनातला जो भाग सिन्नरला आत्ताच हवा आहे, त्याला वीज लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक यांनी सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा पुरावा सिग्नलच्या रंगांत मांडला आहे. त्यात चांगला हात काही काळ बांधून दुसऱ्याला कामाला लावणं, दोन्ही हातांचा एकत्र सराव आणि तज्ज्ञांनी आखून दिलेला घरचा कार्यक्रम यांना हिरवा रंग मिळाला आहे. त्यासाठी आणायचं काहीच नाही. आखडलेल्या हाताने डबा धरायचा आणि दुसऱ्याने झाकण काढायचं, शेंगा सोलायच्या, दप्तराची चेन ओढायची, शर्टाची बटणं लावायची. यातलं कोणतं काम, किती वेळ आणि मूल रडायला लागलं तर काय सोपं करायचं, हे मात्र थेरपिस्टने ठरवावं लागतं आणि दर आठवड्याला बदलावं लागतं. ते मोबाइलच्या पडद्यावरून होऊ शकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय योजनेत आहे. ई-संजीवनीमुळे व्हिडिओवर डॉक्टरशी बोलणं गावागावांत ओळखीचं झालं आहे. मग जिल्हा केंद्रातल्या थेरपिस्टच्या वेळापत्रकात रोजचे दोन तास तालुक्यांतल्या घरांसाठी का ठेवू नयेत? वावी, ठाणगाव, नांदूर शिंगोटेच्या मुलांनी सुरुवातीला प्रत्यक्ष तपासणीला यावं, नंतर महिन्यातून एकदा, आणि मधल्या दिवसांत थेरपिस्टने पडद्यावर यावं. आशाताईला थोडं शिक्षण दिलं, तर ती हाताची पकड पाहून नोंद ठेवू शकेल. पुढे परदेशातल्या चाचण्यांनी प्रवाहाचा उपयोग सिद्ध केला, तर यंत्र वापरायला ही घरं तयार असतील. नाही केला, तरी मधल्या काळात झालेला सराव त्या हातांच्या कामी येईल.