पिलास गाडी लागते तेव्हां

मराठी भाषेंत ‘लागणें’ या क्रियापदाचा व्यवहार मोठा आहे. ऊन लागतें, ठेंच लागते, दृष्ट लागते, तशी गाडीहि लागते. कोंकणांत बोटीनें जाणाऱ्या मागील पिढ्यांतील मंडळींस ‘बोट लागणें’ म्हणजे काय याचा अनुभव पुरेपूर होता. आजच्या मुलांस तो घाटांतील वळणांवर येतो. परंतु हें दुखणें केवळ माणसांचें आहे अशी जी समजूत असते, ती खरी नव्हे. कुत्र्याच्या लहान पिलासहि गाडी लागते. आणि ‘मळमळतें आहे, गाडी थांबवा’ असें त्यास सांगतां येत नसल्यामुळें, त्याच्या हालांकडे घरच्या मंडळींचें लक्ष बहुधा आसन खराब झाल्यावरच जातें.

समजा, पुण्यांतील एखाद्या कुटुंबानें मुंबईहून आठ आठवड्यांचें पिलूं आणलें. पिलूं आईजवळून उचललें जातें, अनोळखी माणसाच्या मांडीवर बसतें, आणि कांहीं वेळानें खंडाळ्याचा घाट सुरू होतो. प्रथम तें कुरकुरतें, मग जांभया देतें, पुन्हां पुन्हां ओठ चाटतें, तोंडांतून लाळ गळूं लागते, आणि शेवटीं ओकतें. घरीं पोंचल्यावर दोन दिवसांत तें बागडूं लागतें व सर्व जण तो प्रसंग विसरतात. पिलूं मात्र विसरत नाहीं. पुढें तें पुन्हां गाडींत बसतें तें लस टोचून घेण्यासाठीं. तिसऱ्या वेळीं गाडीचें दार उघडलेलें दिसतांच तें पलंगाखालीं जाऊन दडतें. मामला या थरास येण्यास अशा दोन फेऱ्याहि पुरतात. तो निस्तरण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणून या दुखण्याचें मूळ कोठें आहे हें आधीं समजून घेणें अवश्य आहे.

उलटी पोटांतून येते, तेव्हां दोष पोटाचाच असावा असें सकृद्दर्शनीं वाटतें. वस्तुतः त्याचा उगम कानांत आहे. बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या पुष्कळ आंत, कवटीच्या हाडांत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. नलिकांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं तो किंचित् मागें रेंगाळतो व त्याच्या दाबानें तेथील सूक्ष्म केस वांकतात. पिशव्यांमध्यें चुनखडीसारख्या बारीक कणांचा थर असतो. वेग वाढला, कमी झाला किंवा शरीर वरखालीं हललें कीं तो थर सरकतो. या हालचालींची वार्ता मज्जातंतू मेंदूस पोंचवितात, आणि तीवरून प्राणी आपला तोल सांभाळतो.

मोटारींत घोटाळा होतो तो असा. पिलूं खालीं बसलेलें असतें. त्याच्या डोळ्यांपुढें आसनाची पाठ असते आणि ती हलत नाहीं. पायहि एका जागीं असतात. म्हणजे डोळे व पाय साक्ष देतात कीं शरीर स्वस्थ आहे. आणि कान साक्ष देतो कीं तें डावीकडे वळलें, उजवीकडे वळलें, पुढें ढकललें गेलें. या परस्परविरुद्ध साक्षींचा मेळ बसत नाहीं, आणि मेंदूच्या खालच्या भागांत वांतीचें जें केंद्र आहे तें चाळवलें जातें. आज बहुतेक शास्त्रज्ञांस हाच खुलासा मान्य आहे. कानाकडे बोट दाखविणारा पुरावाहि जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८८२ सालीं बहिऱ्या-मुक्या व्यक्तींविषयींची आपली पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळांना गरगर फिरविलें तरी भोंवळ येत नाहीं, असें त्यांस आढळून आलें. ज्यांचा आंतला कान पूर्णपणें निकामी झालेला आहे अशा माणसांना खवळलेल्या समुद्रावरहि बोट लागत नाहीं, हें पुढें प्रयोगांनीं सिद्ध झालें.

पिलांमध्यें तोल सांभाळणारी ही यंत्रणा अद्याप पूर्ण तयार झालेली नसते; म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षां त्यांना हा त्रास अधिक होतो, असें पशुवैद्य मानतात. वर्षाच्या आंतबाहेर पुष्कळ पिलांची ही व्यथा आपोआप कमी होते. यावर कोणी म्हणेल, मग वर्षभर वाट पाहिली म्हणजे झालें! दुखणें केवळ कानाचें असतें तर हा सल्ला अगदीं बिनचूक ठरला असता. परंतु कान सुधारण्याच्या आधींच आठवण पक्की होऊन बसते, ही खरी अडचण आहे.

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नाची सूचना देणारा आवाज ऐकतांच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, हा त्यांचा प्रयोग शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतो. परंतु प्रस्तुत विषयास अधिक जवळचें असें एक निरीक्षण त्यांच्या १९२७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आहे. कांहीं कुत्र्यांना रोज मॉर्फीन टोचण्यांत येत असे. त्या औषधानें त्यांस मळमळ होई, लाळ सुटे, ओकारी येई व मग झोंप लागे. पांचसहा दिवसांनंतर नुसती टोचण्याची तयारी दिसतांच हीं सर्व लक्षणें सुरू होऊं लागलीं. कांहीं कुत्र्यांना तर टोचणारा माणूस दृष्टीस पडणेंहि पुरेसें झालें. औषध रक्तांत गेलेलें नाहीं, सुईसुद्धां लागलेली नाहीं, आणि तरीहि ओकारी खरी!

मोटारीच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. पिलाला उभ्या, बंद गाडींत बसवावें. तेवढ्यानेंच त्याची लाळ गळूं लागली किंवा तें थरथर कांपूं लागलें, तर तो दोष कानाचा नव्हे. कारण उभ्या गाडींत कानास तक्रार करण्यासारखें कांहींच घडलेलें नसतें. ती आठवणीची लाळ आहे. चालत्या गाडींतच, विशेषतः वळणांवर, त्रास होत असेल, तर मुख्य दोष कानाचा. दोन्ही प्रकार एकाच पिलांत नांदूं शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

आठवणीवरचा उपाय म्हणजे जुन्या आठवणीवर नवी, चांगली आठवण चढविणें. पहिले कांहीं दिवस गाडी सुरूच करूं नये. दारें सताड उघडीं ठेवून पिलास आंत येऊं-जाऊं द्यावें व तेथेंच त्याचा आवडता खाऊ द्यावा. खाऊ हें येथें मोजमापहि आहे: एरवीं हावरें असलेलें पिलूं गाडींत खाऊकडे पाहीनासें झालें, म्हणजे त्यास भय किंवा मळमळ वाटत आहे असें समजून एक पायरी मागें यावें. तें आंत निर्धास्त बसूं लागलें कीं दार लावावें; मग जागच्या जागीं इंजिन सुरू करावें; मग फाटकापर्यंत जावें; मग गल्लीला एक वळसा घालावा; आणि त्यानंतर ओळखीच्या एखाद्या घरीं किंवा मोकळ्या अंगणांत नेऊन थोडें खेळवून परत आणावें. दवाखाना टाळतां येत नाहीं हें खरें. परंतु दर वेळीं गाडी दवाखान्यांतच जाते असा पिलाचा ग्रह होऊं देऊं नये. ओकल्याबद्दल रागावणें किंवा मारणें हें तर सर्वांत घातक. पिलाला आपल्या अपराधाचा बोध होत नाहीं. गाडी म्हणजे मार, एवढेंच तें शिकतें.

कानाचा त्रास कमी करण्याचे उपाय प्रवासाच्या दिवशीं योजावयाचे असतात. निघण्यापूर्वीं तीन-चार तास भरपेट खाणें देऊं नये. पाणी मात्र तोडूं नये. अगदीं तान्ह्या व ठेंगण्या जातीच्या पिलांना फार वेळ उपाशी ठेवल्यास त्यांच्या रक्तांतील साखर घसरण्याचा धोका असतो. त्यांच्या खाण्याच्या वेळा पशुवैद्यास विचारूनच ठरवाव्या. पिलाला चालकाच्या मांडीवर कधींहि घेऊं नये. नीट बांधून बसविलेला पिंजरा किंवा मजबूत टोपली उत्तम. धक्क्यानें तें घरंगळत नाहीं आणि सर्वांनाच सुरक्षित असतें. आंत त्याच्या नेहमींच्या अंथरुणाचा तुकडा घालावा. नव्या पिलास प्रथमच आणावयाचें असेल, तर त्याच्या आईच्या अंगाखालचें एखादें फडकें मागून घ्यावें. कांच दोन बोटें खालीं करून वारा खेळता ठेवावा, पण पिलाला डोकें बाहेर काढूं देऊं नये. गाडींतील सुगंधी डब्या काढून टाकाव्या. माणसास मंद वाटणारा तो वास कुत्र्याच्या नाकास उग्र होतो. वळणें सावकाश घ्यावीं, ब्रेक हलक्या पायानें दाबावा, आणि घाट चढण्यापूर्वीं थोडें थांबावें. लशींचा क्रम पुरा झालेला नसेल तर मात्र रस्त्याकडेच्या मातींत त्यास उतरवूं नये. तेथें रोगाचे जंतू असूं शकतात. विसाव्यासाठीं थांबलें असतां पिलूं बंद गाडींत ठेवून चहास जाणें हें तर उन्हाळ्यांत त्याच्या जिवावर बेतणारें आहे.

घाट लागूं नये म्हणून माणसें तोंडांत कांहींतरी धरतात. तोच प्रसाद प्रेमानें पिलाला देण्याचा मोह होतो. तो आवरावा. मनुका व द्राक्षें कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना अपाय करतात, चॉकलेट त्यांना विषासमान आहे, आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल नांवाचा जो गोड पदार्थ असूं शकतो, तो तर थोडासाहि प्राणघातक ठरतो. माणसांच्या गोळ्याहि अंदाजानें देऊं नयेत. कुत्र्यांकरितां मॅरोपिटंट नांवाचें औषध आहे. अमेरिकेंत त्यास २००७ सालीं मान्यता मिळाली. मेंदूंतील वांतीच्या केंद्राकडे जाणारा एक रासायनिक संदेश तें अडवितें. परंतु गाडी लागण्यावर द्यावयाची त्याची मात्रा साध्या उलटीवरील मात्रेच्या चौपट असते, आणि या कामीं तें चार महिन्यांवरील पिलांसाठींच मान्य झालें. यावरून तें मनानें देण्याचें औषध नव्हे हें स्पष्ट होईल. शिवाय तें ओकारी थोपवितें, भय घालवीत नाहीं. भयासाठीं वर सांगितलेला सावकाश पायऱ्यांचा मार्गच धरावा लागतो. औषध व सराव यांची सांगड घालतां येते: ओकारीविना झालेली प्रत्येक फेरी नव्या आठवणीच्या बाजूस जमा होते.

येथें एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. गाडी लागल्याची ओकारी गाडींतून उतरल्यावर लौकरच थांबते. पिलूं घरीं आल्यावरहि ओकत राहिलें, मलूल होऊन पडलें, खाईनासें झालें, त्यास जुलाब लागले किंवा त्यांत रक्त दिसलें, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून स्वस्थ बसूं नये. लस पुरी न झालेल्या पिलांना पार्व्होची सांथ गांठते ती याच लक्षणांनीं, आणि तींत वेळच्या वेळीं उपचार न झाल्यास पिलूं थोड्याच दिवसांत दगावतें. मान एका बाजूस कललेली राहिली किंवा चालतांना तोल जाऊं लागला, तरीहि त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

गाडीस भिणारें कुत्रें सुटींत मागें ठेवावें लागतें, ही गोष्ट एक वेळ सोसेल. परंतु कुत्र्याच्या दहाबारा वर्षांच्या आयुष्यांत एखादी रात्र अशी येते, कीं त्यास तत्काळ दवाखान्यांत पोंचविल्याखेरीज गत्यंतर नसतें. आधींच व्याकूळ झालेला तो जीव त्या रात्रीं गाडीच्या दारांत ओढाताण करील, कीं शांतपणें आपल्या ओळखीच्या जागीं जाऊन पडेल, हें पिलूपणाच्या त्या पहिल्या कांहीं आठवड्यांत ठरून गेलेलें असतें. गल्लीला घातलेले चार वळसे आणि मूठभर खाऊ एवढाच त्यासाठीं खर्च आहे. मात्र तो घाट चढण्याच्या आधीं करावयास हवा.