तुळजापूर तालुक्याची रेल्वे, आठ बाय चार प्लायवर

जळकोट हे महामार्गावरचं गाव. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, पण रुळांची नवलाई तुळजापूर तालुक्याला आत्ताची. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन जानेवारी 2019 मध्ये झालं. हाच मार्ग घरात छोटा करून मांडायचा ठरवला तर? जगभरच्या हौशी मंडळींचं लाडकं प्रमाण आहे 1:87, म्हणजे एचओ. त्या हिशोबाने सोलापूरहून धाराशिवला पोचायला जवळजवळ एक किलोमीटर रूळ लागतील! तेव्हा एक स्टेशन, एक वळण आणि मागे नळदुर्गाचा बुरूज, एवढ्यावर भागवावं. त्याला आठ बाय चार फुटांची एक पाटी पुरते. पाटी कशाची घ्यायची, खरी गंमत तिथे आहे.

आधी गाडी निवडा. माझं मत विचाराल तर बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 मध्ये सुरू केलेली ही अडीच फुटी रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोचली. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागा: पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात 1:160 प्रमाणाच्या एन गाड्यांसाठी 9 मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो, तो इथे चपखल बसतो. डबे मात्र बार्शी लाइटच्या मापाने स्वतः बनवावे लागतील. उलट आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर 1:87 मध्ये सव्वाएकोणीस होतात आणि तयार एचओ रूळ असतो साडेसोळाचा, म्हणजे हिशोब हुकतो. शिवाय छोट्या गाडीला तीव्र वळण चालतं, म्हणून लहान पाटीवर ती शोभते.

आता वजनं ऐका. आठ बाय चारची 12 मिलिमीटर प्लाय साधारण 23 किलो भरते, 18 मिलिमीटरची 35 च्या आसपास. तेवढीच एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी, प्लायपेक्षा जड. आणि 50 मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस, म्हणजे छताच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो घट्ट फोम? जेमतेम पाच किलो! एका हाताने उचला. त्यात चाकूने नाला कोरता येतो, डोंगर उतरवता येतो.

फोमला एक शत्रू आहे: चुकीचा गोंद. रबरी, उग्र वासाचे गोंद थर्माकोल आणि फोम विरघळवून टाकतात. पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद सुरक्षित.

एमडीएफ दिसायला गुळगुळीत, कापायला सोपी. पण तिच्या कडेत पाणी शिरलं की ती फुगते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. उन्हाळ्यात कोरडीठक्क आणि श्रावणात दमट अशी आपल्याकडची हवा असते, म्हणून इथे मी तिच्या वाटेला जाणार नाही. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एक थर फुगू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, त्यामुळे दमट हवेत ती सहजी वेडीवाकडी होत नाही. दुकानात ‘एमआर’ म्हणून मिळते ती दमट हवा सोसते, पाणी सोसत नाही. मरीन प्लायची आयएस 710 ची परीक्षा फारच कडक: तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात! घरातल्या रेल्वेला एवढी गरज नाही. कडांना वार्निश लावलं आणि वाळवीचं औषध मारलं तरी पुष्कळ.

पण खाली आधार नसेल तर नुसती प्लाय वजनाने वाकते. किती वाकली तर बिघडतं? भोर घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे मीटरमागे 2.7 सेंटिमीटर. तुमची पाटी कोपऱ्यात एवढी झुकली तर घरातच खंडाळा तयार, आणि छोटं इंजिन डबे घेऊन तिथे अडखळणार. म्हणून खाली लाकडी चौकट हवी आणि तिच्यात साधारण 40 सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या. सुताराला गुण्या लावून काटकोन तपासायला सांगा.

आवाजाचंही बघा. चौकटीवर ताणून बसवलेली पातळ प्लाय हलगीसारखी घुमते. रुळाखाली 3 मिलिमीटर कॉर्क किंवा नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड टाकला की घुमणं कमी होतं. अमेरिकेत यासाठी होमासोट लोकप्रिय आहे, तो बनतो रद्दी कागदापासून. त्याच देशात 1920 च्या दशकात लुइझियानामध्ये उसाच्या चिपाडापासून सेलोटेक्स बोर्ड बनू लागले. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे ऐकून बरं वाटेल!

रूळही उन्हात वाढतात. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत 30 अंशांचा फरक धरा. आठ फुटी धातूचा रूळ सव्वा मिलिमीटर लांबतो. जोडांत थोडी फट ठेवली नाही तर तो मे महिन्यात कमान करून उभा राहील.

आणि हात? माणसाचा हात आरामात अडीच फूट पोचतो. चार फुटी पाटी भिंतीला चिकटवली तर मागे घसरलेला डबा काढता येत नाही. चाकं लावा, पाटी ओढून घ्या.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 ला सुरू झालेलं. पोरांना घेऊन एकदा जाच.

माझा कौल: 12 मिलिमीटर प्लाय, खाली वाळलेल्या लाकडाची चौकट, डोंगरासाठी फोम, रुळाखाली सॉफ्टबोर्ड. पैसे कमी असतील तर पाटी अर्धी घ्या, पण चौकटीत काटकसर करू नका.